मोठ्यानं केलेली प्रार्थना

३ ऑगस्ट १९८६, रविवार

हे (वि.) आणि आमची मीना उपासनेला गेलेत. मी घरी, सासूबाईंपाशी. लग्न झाल्यापासून त्यांना आत्याबाई म्हणते, इथं लिहायला आ.बा. पुरे. शेजारच्या परबवहिनी दर रविवारी म्हणतात, मी बसते घटकाभर, तू जाऊन ये चर्चला. मी जात नाही. खरं सांगायचं तर न जायला हे कारण आता मला बरं पडायला लागलंय.

आ.बां.ची उजवी बाजू गेली ती गेलीच. वाचाही गेली, एक शब्द सोडून. सलाम. पाणी हवं, सलाम. पाय अवघडला, सलाम. परवा मीनावर चिडल्या तेव्हाही सलामच, पण असा की पोर दचकली. उभा जन्म नगरकडच्या खेड्यांतून बायबलबाई म्हणून हिंडल्या, घरोघरी वचनं सांगत. परक्या दारात उभं राहून पहिल्यांदा हेच म्हणत असणार, आमच्यात नमस्काराऐवजी सलामच. बाकी सगळं पुसलं गेलं, तेवढं राहिलं.

डॉक्टर म्हणाले, बोलता येत नाही म्हणून समजत नाही असं धरू नका. ऐकू येतं, कळतंही सगळं. त्यांच्यासमोर जपून बोला.

७ ऑगस्ट

दोन चादरी, एक गोधडी, रबरी कापड. नळ जायच्या आत सगळं. पाठीत उसण भरली आहे. वि.ना सांगितलं तर म्हणाले, बाम लाव. लावला.

बाजारात शिवणाच्या वर्गातली एक मुलगी भेटली. मी वर्ग घेणं सोडलं त्याला वर्ष होत आलं, तरी अजून बाई म्हणते. बाई, परत कधी येणार? बघू म्हटलं. कधी म्हणजे काय, आ.बा. गेल्यावर. मनात हे इतकं सरळ आलं की भाजीची पिशवी हातात घेऊन तिथंच उभी राहिले. पाठीमागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

११ ऑगस्ट

लिहूनच टाकते. मी मागते. रोज मागते. सकाळी नळाखाली बसलेली असते आणि ओठ हलत असतात, प्रभू, ने यांना. लोकांना वाटतं बाई भक्तिभावानं पुटपुटते आहे.

त्यांचे हाल बघवत नाहीत म्हणून मागते, असं स्वतःला सांगून पाहिलं. चार दिवस पटलं. हाल बघवत नाहीत ते माझे, त्यांचे नव्हेत.

१५ ऑगस्ट

वि.ना सुट्टी. आईच्या पायाला तेल लावलं, नखं काढली. गिरणी बंद पडल्यापासून एमआयडीसीत आहेत, मिळेल तो ओव्हरटाइम घेतात, आईजवळ बसायला असा एखादाच दिवस. तेल लावून झाल्यावर बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले ते बराच वेळ आत आले नाहीत. डोळे लाल. यांना जर कळलं मी काय मागते ते.

आ.बा. दिवसभर खुशीत. सलाम, सलाम. पोरगा घरी आहे ना.

२० ऑगस्ट

आज हात उचलला असं नाही म्हणता येणार. पण कूस बदलताना त्यांनी अंग ताठ केलं. मुद्दाम करतात असं वाटलं आणि मी दंड धरून हिसडा दिला. वळ उठला, चार बोटांचा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाल्या, सलाम.

शाळेतून मीना आली आणि विचारलं, आजीला काय लागलं? डास चावला असेल म्हटलं. चार डास. ओळीत.

वहिनींना बसवून उद्या जाते चर्चच्या पाळकसाहेबांच्या घरी, पाळकीणबाईंकडे. कुणाला तरी सांगायला हवं, नाहीतर एक दिवस काहीतरी होऊन बसेल माझ्या हातून.

२१ ऑगस्ट

गेले. चर्चमागच्या त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. त्या मेथी निवडत होत्या, मीही एक जुडी ओढून घेतली, हाताला काही असलं की बोलायला सोपं जातं. वळाचं सांगितलं. मग ते मागण्याचं सांगितलं.

मला वाटलं होतं, उठून जातील. त्यांनी हातातली मेथी खाली ठेवली आणि माझे दोन्ही हात धरले. त्याही रडल्या. म्हणाल्या, कमल, हे सगळं एकटीनं ओढत होतीस होय? मग तिथंच प्रार्थना केली, हलक्या आवाजात. माझ्यासाठी. वर्षभर सगळे आ.बां.साठी प्रार्थना करताहेत, माझ्यासाठी कुणी केली नव्हती. इतकी रडले की पदर पिळायची वेळ आली.

निघताना म्हणाल्या, मी रोज नाव घेईन तुझं त्याच्यापुढं. आणि राग आला की हातातलं काम टाकून एक श्वास घ्यायचा आणि फक्त येशू म्हणायचं, बाकी काही नको. करून बघते.

३१ ऑगस्ट, रविवार

दहा दिवस हात उचलला नाही, आवाजही नाही. दोनदा काम टाकून गॅलरीत गेले, श्वास घेतला, नाव घेतलं आणि परत आले. तेवढ्यानं होतं, याचं मलाच नवल. आज कपडे धुताना भजन गुणगुणत होते, आतून आ.बा. ताल धरल्यासारखं डाव्या हातानं खाटेचा लोखंडी दांडा वाजवत होत्या. लहान मुलांना शिकवताना वाजवायच्या तसाच.

नळाखालचं ते मागणंही बंद झालंय. झालंय म्हणजे दोन दिवस आलं नाही.

परबवहिनी गणपतीला गावी गेल्या. येताना कोकम आणते म्हणाल्या. शुक्रवारची घरसभा, घरोघरी फिरणारी प्रार्थना, या खेपेला आमच्याकडे, आ.बां.च्या खाटेपाशी. पुष्कळ दिवसांनी घरात माणसं येणार. सतरंजी वाळत टाकली आहे.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सभा झाली. बारा-पंधरा माणसं. आ.बां.ना पांढरं लुगडं नेसवलं, अंबाडा घातला, उशा लावून बसवलं. प्रत्येकाला सलाम. चेहरा फुलला होता.

मग विनंत्या. प्रत्येकानं आपापली सांगितली, कुणाची नोकरी, कुणाचा दमा. मी म्हटलं, आ.बां.ना बळ मिळावं. डोळे मिटून एकेकजण प्रार्थना करू लागले. शेवटी पाळकीणबाई.

काय म्हणाल्या ते लिहिते, म्हणजे पुन्हा पुन्हा मनात वाजणार नाही. हे प्रभू, तुझी लेक कमल हिच्या मनात सासूच्या मरणाची इच्छा शत्रू सैतानानं पेरली आहे. ती मुळासकट उपटून टाक. तिच्या हातून पुन्हा मारहाण होऊ देऊ नको. रडत रडत म्हणाल्या. मनापासून.

सगळे म्हणाले, आमेन. सवयीनं माझ्याही तोंडून गेलं.

डोळे उघडले तर कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. फक्त आ.बा. बघत होत्या.

मग चहा दिला. चिवडाही दिला. दुसरं काय करणार होते?

६ सप्टेंबर

तोंड उघडत नाहीत. चमचा ओठांना लावला की दात मिटतात. मीनानं भरवलं तर खाल्लं. मीनाला सलाम, वि.ना सलाम. मला नाही.

आता वर्षभराचं हागलं-मुतलं काढलेलं सगळं पाण्यात. असं वाटलं, आणि असं वाटल्याची लाज वाटली. दोन्ही एकदम.

८ सप्टेंबर

सभेत वि.ही होते, ऐकलं त्यांनीही. आज जेवताना ताटावरून नजर न काढता म्हणाले, "आईवर हात टाकलास?"

हो म्हटलं. एकदा.

"मला का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, "सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? बाम लाव म्हणाला असता."

ते उठले, हात धुतला, कामावर गेले. ताटात भाकरी तशीच. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

आ.बां.ची कूस मीच बदलते, कपडे मीच काढते. त्याला त्यांचा नाइलाज आहे. पण खाणं माझ्या हातून नाही. मीना शाळेत जायच्या आधी घाईघाईत भरवते, मग संध्याकाळी. दुपारभर उपाशी. मी पेज घेऊन बसते, ती गार होते, मग मीच पिते.

१२ सप्टेंबर

पाळकीणबाई आल्या होत्या, भेटायला. फळं आणली. मी त्यांना पॅसेजमध्येच गाठलं आणि विचारलं, मी तुम्हाला विश्वासानं सांगितलं होतं ना? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"मी कुणाला सांगितलं गं? मी तर देवाला सांगितलं."

खोटं नाही. आम्ही सगळे असेच वाढलो. डोळे मिटले की खोलीत दुसरं कुणी नसतंच. मीही कितीदा केलंय, अमक्याच्या सुनेला मूल होऊ दे, तमक्याच्या पोराची दारू सुटू दे. ती माणसं तिथंच बसलेली असायची. त्यांच्या कानांचा विचार कधी केला नाही.

मी सांगितलं, त्या जेवत नाहीत माझ्या हातून. तेव्हा कुठं त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आत गेल्या, आ.बां.चा हात धरून काहीतरी बोलल्या, माफीचंच असावं. आ.बा. म्हणाल्या, सलाम. अगदी प्रेमानं. म्हणजे त्यांना माफी मिळाली.

१४ सप्टेंबर, रविवार

वि. म्हणाले, मी थांबतो, तू जा उपासनेला. गेले, कारण घरात बसवत नव्हतं. दारातच तिघीचौघींनी हात दाबले. कमलबाई, प्रार्थना चालू आहे हं तुमच्यासाठी. आता सगळ्या मंडळीला काम मिळालं.

उपदेश कानावर नुसता पडत होता. एकच केलं, सगळे डोळे मिटून बसले तेव्हा मी उघडे ठेवले. सगळी माणसं मला त्या वेळी फार दमलेली दिसली. ओव्हरटाइम करून आलेली.

२३ सप्टेंबर

परबवहिनी गावाहून आल्या. कोकम, नारळ, खाजं. आल्या आल्या आ.बां.च्या खोलीत गेल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, म्हातारी वाळली. मी सगळं सांगून टाकलं, कणीक मळता मळता. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"गो कमल, माझी सासू खाटीर होती तेवा मी रोज देवाक सांगत होतंय, आता ने गो माये हिका. आनि ती गेली तेवा सगळ्यांत जास्त मीच रडलंय. पण तुमी लोका मोठ्यान कित्याक बोलतास? देव काय बहिरो आसा?"

किती दिवसांनी हसले. पीठभरल्या हातानं तोंड झाकून हसले. मग हसता हसता रडायला आलं, आणि वहिनींनी परात माझ्या हातातून काढून घेतली, म्हणाल्या, कणीक खारट होईल.

दुपारची पेज आता वहिनी भरवतात. त्यांच्या हातून खातात.

२ ऑक्टोबर

सुट्टी. वि. घरी. आमचं बोलणं भाजी, दूध, मीनाची फी एवढ्यापुरतं.

सकाळी आईला पुसायला तेच बसले. पहिल्यांदाच. पाठ पुसली, बाकीचं त्यांना जमेना. मुलगाच शेवटी, आणि आ.बा.ही डोळे गच्च मिटून घेत होत्या. मला हाक मारली. मी केलं. नंतर ते मोरीच्या दारात बराच वेळ बादली हातात धरून उभे होते. म्हणाले, "हे तू रोज करतेस." विचारलं नाही, नुसतं म्हणाले. मग चहा त्यांनीच टाकला. साखर जास्त पडली होती, प्यायले.

६ ऑक्टोबर

लग्नाला पंधरा दिवस झाले असतील तेव्हाची गोष्ट आज आठवत बसले. घरच्या प्रार्थनेत आ.बा. मला म्हणाल्या, आज तू कर. मी माहेरच्या पाळकांसारखी मोठमोठे शब्द लावून लांबलचक केली. वाटलं, शाबासकी मिळेल. संपल्यावर त्या म्हणाल्या, "पोरी, त्याला भाषण नको देऊ. मनात काय आहे ते सांग. माहेरची आठवण येते ना? तेवढं सांगितलंस तरी झालं." मी तिथंच रडायला लागले होते. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला होता. तो हात उजवा होता, जो आता उशीवर पडून असतो.

माझ्या मनात काय आहे ते मी पाळकीणबाईंना सांगितलं. नळाला सांगितलं. या वहीला सांगितलं. जिला सांगायला हवं होतं तिला तिऱ्हाइताच्या तोंडून कळलं.

९ ऑक्टोबर

केलं. दुपारी, मीना शाळेत, वहिनी रेशनला. खाटेपाशी स्टूल ओढलं. डोळे मिटले नाहीत.

म्हटलं, "आत्याबाई, पाळकीणबाई बोलल्या ते खरं आहे. मी तसं मागत होते. तुम्ही मला नको झाला होता म्हणून नाही, मी दमले होते म्हणून. पण मागत होते हे खरं. आणि हिसडा दिला तो रागानं दिला, चुकून नाही."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी पुढं बोलणार होते, माफ करा वगैरे. नाही बोलले. आपण सांगितलं म्हणजे समोरच्यानं लगेच माफ करायलाच हवं, ही कसली जबरदस्ती? बसून राहिले. त्यांचा डावा हात चादरीची कड चाळवत होता. मग वहिनी रॉकेलचा डबा घेऊन आल्या आणि मी उठले.

हलकं वाटत नाही. ऑगस्टमध्ये मेथी निवडताना वाटलं होतं तसं काही नाही. पण आता लपवायला काही नाही, तेवढं एक बरं.

१५ ऑक्टोबर

वहिनींना भाचीकडे जायचं होतं, घाटकोपरला. नाचणीचं सत्त्व मीच घेऊन बसले, गार झालं की प्यायचं म्हणून. चमचा पुढं केला. तोंड उघडलं.

माझ्याकडे बघत नव्हत्या, छताकडे बघत होत्या. अर्धी वाटी. थोडं गळ्यावर सांडलं. पुसलं. पुन्हा उघडलं.

कुणाला सांगितलं नाही. वि. संध्याकाळी वाटी बघून म्हणाले, कुणी भरवलं? मी म्हटलं, मी. ते जेवायला माझ्यासाठी थांबले.

२७ ऑक्टोबर

केस विंचरत होते. आ.बां.च्या केसांना या वयातही मूठभर अंबाडा येतो, त्याचा त्यांना अभिमान होता, बायबलबाईला शोभत नाही म्हणून पदराखाली झाकायच्या. वेणी ओढली गेली बहुतेक. म्हणाल्या, सलाम.

रागावून, चांगल्याच. दुखलं त्यांना. मला इतका आनंद झाला की फणी हातातून पडली.

३ नोव्हेंबर

पुन्हा आलं. मला वाटलं होतं ते गेलं कायमचं. चादर धुऊन टाकली होती, दोरीवरून ओली खाली पडली, पुन्हा धुवायला बसले आणि ओठांवर तेच. प्रभू, ने.

ओल्या हातांनी तशीच आत गेले. म्हटलं, आत्याबाई, आज फार दमले हो. एवढंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डाव्या हातानं खाटेवर थापटलं. बस.

बसले. पाय वर घेतले, त्यांच्या पायांपाशी, भिंतीला टेकून. चादर मोरीत भिजत राहिली. पाळकीणबाईंनी सांगितलेलं ते नाव घेतलं, त्यांच्यादेखत, ऐकू जाईल असं. त्यांनी डोळे मिटले. किती वेळ बसलो होतो माहीत नाही. नळ गेला. चादर उद्या.

आयुष्यभर मला वाटत आलं की देव एकदा येतो आणि मनातलं वाईट झाडून नेतो. तसं काही दिसत नाही. पण आज बसायला जागा मिळाली.

१९ नोव्हेंबर

आ.बां.ना ताप. छातीत घरघर. डॉक्टर येऊन गेले, इंजेक्शन दिलं. वि.ना बाजूला घेऊन म्हणाले, वय झालंय, हॉस्पिटलात नेऊन हाल करू नका.

खाणं दोन चमचे. तेही माझ्याच हातून, आता मीना किंवा वहिनींनी दिलं तर तोंड उघडत नाहीत. वहिनी म्हणाल्या, बघ, म्हातारीचो हट्ट. चमचा धरला की माझ्या मनगटावर बोटं ठेवतात. धरत नाहीत, ठेवतात.

२४ नोव्हेंबर

घरात सगळे कुजबुजत बोलतात. वि.नी नगरला तार केली. चुलत दीर येणार आहेत. मीना अभ्यासाचं पुस्तक घेऊन आजीच्या पायाशी बसते, पान उलटत नाही.

आज शोधलं मी मनात. ते मागणं कुठं आहे ते. नळाखाली बसून मुद्दाम वाट पाहिली. आलं नाही. आता यायला हवं होतं, आता तर कुणी नावंही ठेवली नसती. त्याऐवजी नाताळ येतो मनात. त्यांना नाताळला पांढरं लुगडं लागतं, निळ्या काठाचं, ते इस्त्रीला टाकायला हवं.

३० नोव्हेंबर, रविवार

आगमनाचा पहिला रविवार, नाताळची तयारी सुरू. उपासना आटोपून पाळकसाहेब आले, पाळकीणबाई, मंडळीतले दहा-बारा जण. खोलीत मावेनात, दोघं गॅलरीत. आ.बां.ना प्रभुभोजन द्यायला. भाकरीचा कण द्राक्षरसात भिजवून ओठांना लावला. गिळला की नाही कळलं नाही.

मग पाळकसाहेबांनी त्यांच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली. म्हणाले, हे प्रभू, तुझ्या या विश्वासू दासीनं पुष्कळ सोसलं. आता हिला या खाटेवरून सोडव. आता हिला ने.

तेच. माझे शब्द. नळाखालचे. फरक एवढाच की ते पाळकांच्या तोंडी होते आणि सगळे डोळे पुसत होते.

सगळे म्हणाले, आमेन. वि.ही म्हणाले. दाराशी उभ्या परबवहिनींनीही हात जोडले. माझ्या तोंडून निघेना. ओठ उघडले, पण नाही निघालं. त्या खाटेवर होत्या, ऐकत होत्या, डॉक्टर म्हणाले होते सगळं कळतं. हे मागणं उपटून टाक, यावर एकदा त्यांच्यासमोर मी आमेन म्हटलेलं होतं.

जाताना पाळकीणबाईंनी मला मिठीत घेतलं. कानात म्हणाल्या, "तूही सुटशील गं आता." वाईट मनानं नाही. त्यांना वाईट मन नाहीच.

सगळे गेल्यावर मीना म्हणाली, आई, तू आमेन म्हटलं नाहीस.

घसा बसलाय म्हटलं.

मग म्हणाली, मीपण नाही म्हटलं.

१ डिसेंबर

डॉक्टर सकाळी येऊन गेले. नाडी बघितली. वि.ना म्हणाले, आज किंवा उद्या, जवळच्यांना थांबवून घ्या. वि. कामावर गेले नाहीत. आईचा उजवा हात धरून बसलेत, ज्याला काही कळत नाही तो. मी डाव्या बाजूला.

एक चमचा पाणी घेतलं. माझ्या मनगटावर बोटं ठेवली आणि ती तशीच राहू दिली. सलाम म्हणाल्या नाहीत. दोन दिवस कुणालाच म्हणाल्या नाहीत.

सत्त्वाचं पीठ संपलंय. काल संध्याकाळी किलोभर नाचणी निवडून भिजत घातली होती, ती आज उपसून फडक्यात बांधली. वि.नी पाहिलं. म्हणाले, "अगं, आता कुणासाठी?"

लागेल म्हटलं. थंडीत मोड यायला दोन-तीन दिवस लागतात, मग सावलीत वाळवायची, मग दळायची. गाठोडं त्यांच्या खाटेखाली सरकवून ठेवलंय. तिथं जरा ऊब असते.